बबल काउंटर आणि ड्रॉप चेकर: सीओटूच्या जोडणीतली नेहमीची गल्लत

प्लँटेड टँकला, म्हणजे पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीला, नव्याने सीओटू (वनस्पतींसाठी सोडायचा कार्बन डायऑक्साइड वायू) जोडणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "सेकंदाला किती बुडबुडे सोडू?" कुणीतरी आकडा सांगतं, तो नॉब फिरवून तेवढे लावतो आणि निर्धास्त होतो. इथेच वायू जास्त होऊन मासे मरतात. बुडबुडे मोजणं आणि पाण्यातला वायू मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बबल काउंटर सिलिंडरवरचा रेग्युलेटर (गॅसचा दाब कमी करणारा) आणि डिफ्युझर (टँकच्या पाण्यात बारीक बुडबुडे सोडणारा) यांच्या मधे बसतो. नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे नॉबने फिरणारी गॅसची बारीक चावी, किती उघडलाय, एवढंच तो दाखवतो. बुडबुड्याचा आकार आतल्या नळीच्या तोंडावर ठरतो, त्यामुळे मिरजेतल्या मित्राचे दोन बुडबुडे आणि तुमचे दोन सारखे नसतात. शिवाय त्यातला किती वायू विरघळला आणि किती वर येऊन हवेत गेला, हे त्यावरून कळत नाही. घरच्या पाण्याच्या मोटरसारखंच हे: मोटर किती जोरात पाणी चढवतेय ते दिसतं, टाकी किती भरली ते नाही.

पाण्यात किती वायू आहे ते सांगतो ड्रॉप चेकर. टँकच्या आत काचेला चिकटवलेली ही छोटी कुपी. तिच्यातलं पाणी आणि टँकचं पाणी यांच्यामध्ये हवा अडकलेली असते. टँकमधला वायू त्या हवेतून कुपीत शिरतो आणि तिच्या पाण्यात घातलेल्या ब्रोमोथायमॉल ब्लू या रसायनाचा रंग बदलतो. निळा म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे लिटरला साधारण 30 मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे जास्त.

पण हा हिशोब कुपीतलं पाणी 4 डीकेएचचं असेल तरच जुळतो. डीकेएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप. पुष्कळ जण कुपीत टँकचंच पाणी भरतात. सांगलीत कुणाकडे नळाचं कृष्णेचं पाणी, तर कुणाच्या सोसायटीत बादलीला पांढरा थर धरणारं बोअरचं. समजा ते 12 डीकेएच निघालं, तर कुपी हिरवी होईपर्यंत टँकमध्ये लिटरला 90 मिलिग्रॅम वायू झालेला असतो. मासे धापा टाकतायत आणि रंग मात्र हिरवागार!

4 डीकेएचचं पाणी घरी करता येतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणा. एक लिटरमध्ये 6 ग्रॅम खायचा सोडा विरघळवा. त्यातलं 20 मिली घेऊन डिस्टिल्ड वॉटरनेच एक लिटर करा, झालं. अॅसिड मिसळलेलं बॅटरीचं पाणी मात्र चुकूनही घेऊ नका.

मग बबल काउंटर कशाला हवा? कारण ड्रॉप चेकर उशिरा बोलतो, रंग पालटायला तास-दोन तास लागतात. सिलिंडर संपत आला किंवा नॉबला धक्का लागला, तर काउंटरवर लगेच दिसतं. लाईट गेल्यावर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी झडप) असेल तर गॅस आपोआप बंद होतो. तो नसेल तर दिवा बंद, फिल्टर बंद आणि बुडबुडे चालूच. हेही काउंटरच दाखवेल, चेकर बराच वेळ हिरवाच राहील. म्हणून रोजचा वेग काउंटरवर बघा, पण तो किती ठेवायचा हे चेकरवरून ठरवा. नॉब जरासा फिरवला की पुढचा बदल दोन तासांनी.

चेकर डिफ्युझरपासून लांब, समोरच्या टोकाला लावा. बुडबुडे थेट त्याच्या तोंडाखाली गेले तर रंग खोटा येतो. आणि मासे वर येऊन तोंडं उघडमिट करायला लागले, तर रंगाची वाट बघू नका. गॅस बंद करा, एअर पंप लावा.