बर्ग्यांमागचे पाणी आणि गाळातले स्फुरद

उन्हाळ्यात कृष्णेच्या काठावर मेलेल्या माशांचा खच दिसला, की ‘रात्रीतून कोणीतरी विषारी पाणी सोडले’ अशी चर्चा सांगलीत लगेच सुरू होते. ती पुष्कळदा खरीही असते. परंतु कोणी थेंबभर विष सोडले नाही तरी मासे मरू शकतात, ही गोष्ट या चर्चेत सहसा येत नाही.

वाईपासून सांगलीपर्यंत नदीच्या दोन्ही बाजूंना ऊस आहे. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र (नायट्रोजन) आणि १७० किलो स्फुरद (फॉस्फरस) देण्याची शिफारस असते. नत्राचे नायट्रेट पाण्यात सहज विरघळून निचऱ्याबरोबर विहिरीत व ओढ्यात उतरते. स्फुरद मात्र मातीच्या कणांना घट्ट चिकटते आणि पहिल्या वळवाने वाहून जाणाऱ्या मातीवर बसूनच नदीत येते. त्यात गावोगावच्या सांडपाण्यातले, म्हणजे मलमूत्रातले आणि साबणातले, स्फुरद मिसळते. लिटरमागे एक मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा स्फुरदही संथ पाणी हिरवे करण्यास पुरेसे असते आणि पावसाळ्यानंतर बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घातले, की आपली नदी म्हणजे संथ तळ्यांची एक माळच होते.

आता गाळाकडे येऊ, कारण खरी गंमत तेथे आहे. आपल्या काळ्या मातीत बेसॉल्टमधून आलेले लोह भरपूर असते. तळाच्या पाण्यात प्राणवायू असेपर्यंत हे लोह गंजाच्या रूपात राहते आणि गंजाच्या कणांवर फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचे पाण्यातले रूप, पकडून ठेवले जाते. प्राणवायू संपला, की गाळातले जिवाणू श्वसनासाठी आधी नायट्रेट, मग मँगनीज आणि त्यानंतर हा गंज वापरतात. गंजातले तीन धनभारांचे लोह दोन धनभारांचे होऊन पाण्यात विरघळते आणि पकडलेले फॉस्फेट मोकळे होते. इंग्लंडमधील सरोवरांच्या गाळावर क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये ही अदलाबदल दाखवून दिली होती. पुढे जिवाणू सल्फेटकडे वळले, की सल्फाइड तयार होऊन लोहालाच बांधून टाकते. गाळ काळाकुट्ट होतो, सडक्या अंड्याचा वास सुटतो आणि नंतर प्राणवायू परतला तरी स्फुरद धरायला मोकळे लोह पुरेसे उरत नाही. म्हणजे बाहेरून आज काहीही न सोडता, मागील अनेक वर्षांचे खत नदी स्वतःच्याच तळातून स्वतःला देत राहते.

या खतावर शेवाळ वाढते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री सर्वांबरोबर तेही श्वास घेते. त्यामुळे प्राणवायूची पातळी सर्वांत खाली जाते ती सूर्योदयाच्या सुमारास, आणि मासेही बहुधा तेव्हाच तडफडतात. सकाळी अकरा वाजता घेतलेल्या नमुन्यात प्राणवायू ठीक आढळतो, यात म्हणूनच नवल नाही.

याच खतावर फोफावणाऱ्या जलपर्णीवर तणनाशक फवारणे तर या यंत्रणेला हातभार लावणारेच ठरते, कारण मेलेली जलपर्णी बुडते, कुजते आणि तळाचा उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकते. नदी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणांचेही हल्ली मोठे कौतुक होते. पण स्फुरद हे मूलद्रव्य आहे, कोणताही जिवाणू ते नाहीसे करू शकत नाही, फार तर आपल्या शरीरात काही दिवस ठेवतो. जलपर्णी उपटून काठावर रचली, तर पहिल्या पावसात तिचा रस पुन्हा नदीतच उतरतो. ती शेतात नेऊन कंपोस्टात घातली, तरच तिने शोषलेले स्फुरद नदीबाहेर जाते.

सांडपाणी वळवल्यानंतरही तळातल्या स्फुरदामुळे सरोवरे कित्येक वर्षे हिरवीच राहिल्याची उदाहरणे अनेक देशांत आहेत. कृष्णेला एक सवलत आहे: जुलै-ऑगस्टमधला पूर बंधाऱ्यामागचा पुष्कळ गाळ उपसून नेतो आणि त्यातला काही पुढे अलमट्टीच्या जलाशयात जाऊन बसतो. मात्र तोच पूर वरच्या शिवारांतली नवी मातीही घेऊन येतो, आणि पाणी ओसरून बर्गे पुन्हा बसवले जातात तेव्हा त्यांच्यामागे साचू लागतो तो याच मातीचा गाळ.