कैद्यांकडे बघायची समाजाची नजर आणि कोठडीतला छळ (गोव्याच्या संदर्भात)

कोठडीतला छळ म्हणजे पोलीस लॉकअपमध्ये किंवा जेलमध्ये ताब्यात असलेल्या माणसाला मारहाण करणं, उपाशी ठेवणं, औषध न देणं, झोपू न देणं, घरच्यांना भेटू न देणं, यातलं काहीही. मारणारा हात एखाद्या शिपायाचा किंवा वॉर्डरचा असतो, पण तो उचलायची परवानगी बाहेरून गेलेली असते, आणि ही परवानगी कागदावर कुठेच सापडत नाही, ती आपल्या रोजच्या बोलण्यात असते. 'सडू दे तिथेच', 'दोन रट्टे बसल्याशिवाय कबूल करणारे का', 'आपल्या टॅक्सवर फुकट जेवतात', 'सरकारचे जावई'. मारहाणीला आपण 'पाहुणचार' म्हणतो, 'प्रसाद' म्हणतो, आणि शब्द असा गोड झाला की त्यामागची सुजलेली पावलं कुणाला दिसत नाहीत.

कसाबच्या बिर्याणीची गोष्ट घ्या. जेलमध्ये तो मटण बिर्याणी मागतो ही बातमी देशभर वर्षानुवर्षं फिरली, आणि 2015 मध्ये सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी स्वतःच सांगितलं की त्याने बिर्याणी कधी मागितलीच नव्हती, त्याच्याबद्दल सहानुभूती तयार व्हायला लागली होती म्हणून आपण ते बोललो. पण तोपर्यंत जेलमध्ये मजा असते, खायची चंगळ असते हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं, आणि कुठल्या कैद्याने पातळ आमटीची नुसती तक्रार केली तरी आजही लोकं बिर्याणीच काढतात.

गोव्यात हे सगळं फार जवळून बघता येतं, कारण कैद्याला काय मानायचं हे इथे एका पिढीतच उलटंपालटं झालेलं आहे. पोर्तुगीज काळात जुन्या गोव्यात इन्क्विझिशनचं, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाचं, 'व्हडलें घर' होतं, 1560 ला सुरू झालेलं ते न्यायालय मधली काही वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं, आणि तिथल्या शिक्षा लोकांसमोर वाचून दाखवायचे, बघायला गर्दी जमायची. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत आग्वादचा किल्ला राजकीय कैद्यांनी भरला. राममनोहर लोहिया 1946 मध्ये तिथे होते, गोव्याच्या स्वातंत्र्यचळवळीतले त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना त्याच वर्षी पकडून पोर्तुगालला पाठवलं. 1955 च्या गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात पकडलेल्यांना बेदम मार बसायचा, तळहातावर मारायला पोर्तुगीजांची पाल्मातोरिया नावाची लाकडी गोल फळी असायची. मुक्तिलढ्यातले मोहन रानडे 1955 मध्ये पकडले गेले ते सुटले 1969 ला, म्हणजे गोवा 19 डिसेंबर 1961 ला मुक्त झाला तरी हा माणूस अजून पोर्तुगालच्या तुरुंगातच होता.

सरकारच्या लेखी ही सगळी माणसं गुन्हेगार होती. आज त्यांच्या नावाचे रस्ते आहेत.

आग्वादचा तुरुंग 2015 मध्ये रिकामा झाला, कैदी कोलवाळच्या मध्यवर्ती तुरुंगात हलवले, आणि 2021 च्या मुक्तिदिनाला तिथे म्युझियम उघडलं. आता लोकं कांदोळीहून येतात, खोलीत शिरतात, जाड भिंतीला हात लावून बघतात, एवढ्याशा जागेत माणूस कसा राहिला असेल म्हणून हळहळतात, आणि ते हळहळणं खरंच असतं. पण या खोल्या 1961 ला बंद झाल्या नव्हत्या, पुढची पन्नासेक वर्षं तिथे आपलेच कैदी राहत होते, त्याच भिंती, समुद्राचा तोच खारा वारा, आणि त्यांच्यासाठी हळहळलेलं कुणी मला तरी भेटलेलं नाही.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे आत आहे तो गुन्हेगारच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या जेलांमध्ये 5 लाख 73 हजारांवर माणसं होती आणि त्यातले सुमारे 76 टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालूच आहे, गुन्हा शाबीत झालेला नाही. चारातले तीन! शंभर जणांच्या जागेत 131 कैदी. त्यात गरीब, आणि गोव्यात बोलायचं तर बाहेरून कामाला आलेला मजूर, याच्यावर संशय आधी जातो. वाड्यात चोरी झाली की 'भायले (बाहेरचे) असतील' हे वाक्य तक्रार लिहायच्या आधी येतं, आणि असा माणूस पकडला गेला तर त्याच्यासाठी पोलीस स्टेशनवर जाऊन उभा राहणारा पंचायतीतला पंच नसतो की ओळखीचा वकील नसतो. मार कुणाला पडणार हे तिथेच ठरतं.

बाहेरची उतरंडही तशीच्या तशी आत जाते. कित्येक राज्यांच्या जेल मॅन्युअलमध्ये स्वयंपाक वरच्या जातीच्या कैद्यांकडे आणि झाडू-संडासाचं काम खालच्या जातींकडे असं लिहूनच ठेवलेलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने रद्द केलं तेव्हा तारीख होती 3 ऑक्टोबर 2024.

1971 च्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या प्रयोगाचा दाखला इथे नेहमी देतात. साध्या विद्यार्थ्यांना पहारेकरी आणि कैदी बनवलं, दोन आठवडे चालायचा प्रयोग छळामुळे सहाव्या दिवशी थांबवावा लागला. नंतर त्यावर बरीच टीका झाली, पहारेकऱ्यांना कडक वागा म्हणून आधीच सुचवलं होतं असं पुढे आलं. माझ्या मते त्यामुळे तो प्रयोग आपल्या विषयाला आणखीनच लागू पडतो, कारण वरच्यांना आणि आजूबाजूच्यांना काय हवंय हे पहारेकऱ्याला कळलं की तो तेच करतो.

भागलपूरमध्ये हेच रस्त्यावर दिसलं. 1979-80 च्या दरम्यान बिहारमधल्या या शहरात पोलिसांनी तीसेक संशयितांचे डोळे फोडून त्यात अ‍ॅसिड ओतलं, आणि पोलीस सस्पेंड झाले तेव्हा लोकं मोर्चे घेऊन बाहेर पडली, पोलिसांच्या बाजूने. 2019 मध्ये हैदराबादला बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी चकमकीत मारले गेले तेव्हा पोलिसांवर फुलं उधळली गेली. न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने 2022 मध्ये म्हटलं की आरोपींवर जीव घेण्याच्याच हेतूने गोळ्या झाडल्या होत्या. फुलं उधळली त्या दिवशी हे कुणाला ऐकायचंही नव्हतं.

कायदा तसा कमी नाही. घटनेचं कलम 21, म्हणजे जगण्याचा हक्क, कैद्यालाही लागू आहे हे सुनील बत्रा खटल्यात 1978 लाच ठरलं, अटक कशी करायची याचे नियम 1996 च्या डी. के. बसू निकालात आहेत, कोठडीत मृत्यू झाला तर मानवाधिकार आयोगाला 24 तासांत कळवावं लागतं. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर मात्र भारताने 1997 ला सही केली ती अजून तशीच पडून आहे, मंजुरी दिलेली नाही, आणि एवढ्या वर्षांत एकाही निवडणुकीत कुणी मतदाराने उमेदवाराला त्याबद्दल विचारल्याचं मी ऐकलं नाही.

नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे पूर्वी कधीच गुन्हा शाबीत न झालेल्या कच्च्या कैद्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडायचं असतं (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू नसतील तर). फुकट वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. पण याच्या मागे लागायला बहुतेकदा घरच्यांनाच पुढे यावं लागतं, आणि इथे लाज आडवी येते. गोव्यात घरातलं माणूस आत गेलं की शेजाऱ्यांना सांगतात जहाजावर नोकरीला गेलाय. आई मुलाकतीला जाताना बाजाराची पिशवी घेऊन निघते, दोन बस बदलते, जाळीपलीकडे पोराच्या कानामागचा काळानिळा डाग बघते, त्याला विचारते, तो पडलो म्हणतो. येताना ती पिशवीत खरंच थोडी भाजी घेते, आणि वाड्यात कुणी विचारलंच तर सांगते, फोन आला होता, बरा आहे, बोट आता लांब गेलीय.