संसर्ग-प्रतिबंधक आचार, महासाथीतील आरोग्यकर्मचाऱ्यांचे (मराठवाडा)

महासाथीत रुग्णाकडून आपल्याकडे, आपल्याकडून दुसऱ्या रुग्णाकडे आणि ड्यूटी संपल्यावर घरी जंतू जाऊ नयेत म्हणून आरोग्यकर्मचारी जी शिस्त पाळतात तिला संसर्ग-प्रतिबंधक आचार म्हणतात. हातांची स्वच्छता, मास्क व संरक्षक पोशाख, खोलीतली खेळती हवा, निर्जंतुकीकरण, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट आणि लसीकरण ही त्याची प्रमुख अंगे. जागतिक आरोग्य संघटनेने 11 मार्च 2020 रोजी कोविड-19 ला महासाथ म्हटले. त्यानंतर छत्रपती संभाजीनगरची घाटी (तिथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय), अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये इथपासून ते तांड्यावरच्या उपकेंद्रापर्यंत हीच शिस्त लागू झाली. नियम सगळीकडे एकच होते. ते पाळणे किती जमेल हे मात्र मराठवाड्यात बरेचसे पाण्यावर आणि उन्हावर ठरले.

हात धुण्याचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये ठरवून दिले: रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, शरीरस्रावाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावल्यानंतर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद, अल्कोहोलयुक्त द्रावणाने 20 ते 30 सेकंद. भरल्या वॉर्डात एका सिस्टरला एका ड्यूटीत किती वेळा हात धुवावे लागतील याचा हिशेब केला, की नळाला पाणी असणे ही उपचाराचीच बाब ठरते. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. प्रदेशातल्या अनेक शहरांत आजही काही दिवसांआडच पाणी येते आणि टँकर हा रुग्णालयाच्या दिनक्रमाचा भाग असतो. अशा ठिकाणी खाटेजवळ लटकवलेली सॅनिटायझरची बाटली मोठे काम करते. पण हात रक्ताने किंवा मळाने माखले असतील तर ती चालत नाही, तिथे साबण आणि पाणीच लागते.

पीपीई किटबद्दल, म्हणजे संरक्षक पोशाखाच्या संचाबद्दल, बाहेरच्यांना वाटते की ते घातले की माणूस सुरक्षित झाला. खरी जोखीम ते काढताना असते, कारण तोपर्यंत बाहेरची बाजू दूषित झालेली असते आणि माणूस थकलेला असतो. म्हणून घालायची खोली वेगळी, काढायची वेगळी. काढताना घाई करायची नाही. आधी बाहेरचे हातमोजे, मग अंगरखा आतली बाजू बाहेर येईल अशी गुंडाळी करत खाली, मग मागच्या पट्टीला धरून गॉगल. मास्क सर्वांत शेवटी, तोही रुग्णकक्षाबाहेर आल्यावर आणि पुढच्या भागाला बोट न लावता. प्रत्येक टप्प्याला हात स्वच्छ करायचे. समोर आरसा आणि शक्यतो पाहणारा एक सहकारी हवा. ‘सिस्टर, हात तोंडाकडे गेला’ असे वेळीच म्हणणारा माणूस महागड्या किटपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

एन-95 मास्क 0.3 मायक्रॉनचे किमान 95 टक्के कण अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. 2020 च्या सुरुवातीला तुटवडा असताना चार-पाच मास्क आळीपाळीने, मधल्या दिवसांत कागदी पिशवीत वाळवून वापरण्याची पद्धत रूढ झाली.

मराठवाड्यातला मे महिना 42 अंशांच्या पुढे जातो. त्यात संपूर्ण प्लास्टिकचा पोशाख, आत घामाच्या धारा, गॉगलवर वाफ. ड्यूटी संपेपर्यंत पाणी नाही, लघवीला जाणे नाही. चेहरे झाकलेले, म्हणून किटवर मार्करने नाव लिहायचे. बंद खोलीत तीच हवा फिरवणारा एसी धोक्याचा मानला गेला, आणि विषाणू हवेतूनही पसरतो हे जसजसे मान्य होत गेले तसतसे उघड्या खिडक्यांचे महत्त्व वाढले. इथला घरोघरचा कूलर या बाबतीत बरा, अट एकच: तो खिडकीबाहेर बसवून बाहेरची हवा आत घेणारा असावा आणि समोरची खिडकी उघडी असावी. खोलीतच ठेवलेला कूलर दूषित हवाच घुसळतो.

फरशी आणि सांडलेल्या स्रावांसाठी 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइट, वॉर्डाच्या बोलीत ‘हायपो’, वापरतात. ते रोज ताजे करावे लागते, कारण उन्हात आणि उघड्यावर क्लोरीन उडून जातो. माणसांवर जंतुनाशक फवारणारे बोगदे त्या काळात बरेच दिसले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल 2020 मध्येच माणसांवर फवारणी करू नये असे सांगितले होते, तरी ते दिखाऊ म्हणूनच टिकले. कचऱ्यासाठी 2016 चे नियम होतेच. कोविडसाठी दुहेरी, एकात एक घातलेली पिशवी आली: मास्क, टोपी, बुटांची वेष्टणे पिवळ्या पिशवीत, गॉगल, हातमोजे व प्लास्टिकचे पोशाख लाल पिशवीत. त्या पिशव्या उचलणारे मामा आणि मावशी प्रशिक्षणाच्या यादीत बहुधा शेवटी असतात, जोखीम मात्र त्यांची कुणाहून कमी नसते.

गावात ही शिस्त आशाताईंवर आली. सप्टेंबर 2020 च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजायचे होते. एकच ऑक्सिमीटर बोटाबोटांवर फिरतो, म्हणून प्रत्येक माणसानंतर तो स्पिरिटच्या कापसाने पुसायचा. उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलायचे, दिलेले पाणीसुद्धा घ्यायचे नाही, हे गावात सांगणे अवघडच. संरक्षण म्हणून हाती बहुतेकदा मास्क आणि सॅनिटायझर एवढेच. जून 2021 मध्ये राज्यातल्या आशांनी मानधन आणि कोविड भत्त्यासाठी संप केला.

औषधाने प्रतिबंध करण्याचा प्रयत्नही झाला. मार्च 2020 मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) आरोग्यकर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे मलेरियावरचे औषध सुचवले. पुढे पुरावा विरुद्ध गेला आणि मार्च 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिबंधासाठी ते वापरू नये अशी ठाम शिफारस केली. लसीकरणाची रंगीत तालीम 2 जानेवारी 2021 रोजी राज्यात ज्या जिल्ह्यांत झाली त्यांत जालना होता. 16 जानेवारीपासून आरोग्यकर्मचाऱ्यांना पहिले डोस मिळू लागले. लस गंभीर आजार टाळते, संसर्ग पूर्ण थांबवत नाही, म्हणून दोन्ही डोस झालेल्यांनाही वॉर्डात मास्क आणि हात धुणे सक्तीचेच राहिले.