घरबसल्या कोनी आयलंड : आमच्या ऑनलाइन फेरीविषयी

कोनी आयलंड म्हणजे न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिन भागाचा दक्षिण किनारा. समोर अटलांटिक महासागर, काठाने सव्वाचार किलोमीटरचा लाकडी फळ्यांचा बोर्डवॉक, आणि त्याला लागून आकाशपाळणा, रोलरकोस्टर, खेळांचे गाळे. आमच्या फेरीत तुम्ही हा किनारा घरी बसून, मराठीतून समजून घेत पाहता.

प्रत्यक्ष जाणाऱ्याला आजचा किनारा दिसतो. पडद्यासमोर बसलेल्याला मात्र त्याच परिसराची १९०५, १९४० आणि आजची दृश्ये पाठोपाठ बघता येतात. ही फेरी आम्ही याच एका गोष्टीसाठी आखली, कारण कोनी आयलंडचा सर्वांत भव्य भाग आता जमिनीवर उरलेलाच नाही.

सुरुवात स्टिलवेल अ‍ॅव्हेन्यू स्थानकाच्या बाहेर

१९२० मध्ये सबवे, म्हणजे शहराची भुयारी रेल्वे, इथपर्यंत आली आणि पाच सेंटच्या तिकिटात कष्टकरी कुटुंबेही समुद्रावर येऊ लागली. समोरच्या कोपऱ्यावर १९१६ पासूनचे ‘नेथन्स’ हे खाद्यगृह आहे. तिथला हॉट डॉगही तेव्हा पाच सेंटलाच मिळत असे. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये आपण हा चौक चारही बाजूंनी पाहतो. मग दुसरा संग्रह उघडतो. १९३९ ते १९४१ या काळात न्यूयॉर्क शहराने कर आकारणीसाठी जवळजवळ प्रत्येक इमारतीचा फोटो काढून ठेवला होता, आणि ते फोटो आता सर्वांना ऑनलाइन पाहता येतात. काढणाऱ्यांचा हेतू निव्वळ सरकारी होता, पण त्या काळच्या दुकानांच्या पाट्या आणि रस्त्यावरची वर्दळ त्यांत टिकून राहिली. आज ज्या इमारतीवरून नजर सहज पुढे सरकते, तिच्याजवळ या फोटोंमुळे थांबावेसे वाटते.

दिव्यांचे शहर

फेरीचा सर्वाधिक वेळ आम्ही इथे देतो. १९०३ मध्ये फ्रेडरिक थॉम्पसन आणि एल्मर डंडी यांनी लूना पार्क हे मनोरंजन उद्यान उघडले. मनोरे, घुमट आणि त्यांवर सुमारे अडीच लाख विजेचे दिवे. बहुतेक घरांत तेव्हा वीज पोहोचलेलीही नव्हती! पुढच्याच वर्षी शेजारी ड्रीमलँड उभे राहिले, आणि त्याने दहा लाख दिव्यांची जाहिरात केली. १९०५ मध्ये एडिसन यांच्या कंपनीसाठी एडविन पोर्टर यांनी या रोषणाईचे रात्री चित्रीकरण केले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमुळे ते आज पाहता येते. आवाज नाही, रंग नाही, काळ्या आकाशावर दिव्यांच्या रेषांनी काढलेल्या इमारती तेवढ्या दिसतात. ते बघताना खोलीतले दिवे जरूर मालवा. आमच्या मते ही अख्ख्या फेरीतली सर्वांत सुंदर मिनिटे आहेत.

याच उद्यानांत मार्टिन काउनी अपुऱ्या दिवसांची बाळे इन्क्युबेटरमध्ये ठेवून लोकांना दाखवत. आज ऐकायला विचित्र वाटते, पण बहुतेक रुग्णालयांत तेव्हा अशा बाळांसाठी सोयच नव्हती. प्रेक्षकांच्या तिकिटाच्या पैशांतून परिचारिकांचा आणि उपचारांचा खर्च भागे, आईवडिलांकडून काहीही घेतले जात नसे. कोनी आयलंडवर हे दालन १९४३ पर्यंत चालले आणि हजारो बाळे जगली.

या वैभवाचा घास आगीने घेतला. २७ मे १९११ च्या पहाटे, नव्या हंगामाच्या तोंडावर, ड्रीमलँड जळून गेले. इन्क्युबेटरमधली बाळे मात्र सुखरूप बाहेर काढली गेली. त्या जागी आता १९५७ मध्ये इथे आलेले न्यूयॉर्क अ‍ॅक्वेरियम आहे. १९४४ च्या आगीने लूना पार्क संपवले, तिथे आज निवासी इमारती दिसतात. सध्याचे लूना पार्क २०१० मध्ये वेगळ्या जागेवर सुरू झाले. दोन्हींची गल्लत सर्रास होते, म्हणून आम्ही नकाशावर दोन्ही जागा दाखवतो.

आजही उभे असलेले

वंडर व्हील हा १९२० चा, दीडशे फूट उंचीचा आकाशपाळणा. त्याच्या २४ डब्यांपैकी १६ डबे चाकाच्या आतल्या रुळांवरून पुढेमागे घसरतात. ही गंमत फोटोत कळत नाही, म्हणून डब्यातून घेतलेला व्हिडिओ लावतो. सायक्लोन हा लाकडी रुळाचा रोलरकोस्टर २६ जून १९२७ रोजी सुरू झाला. त्याची उंची ८५ फूट. त्यातल्या पहिल्या उताराआधीची खडखड ऐकण्यासारखी असते, तेव्हा आवाज चांगला मोठा ठेवा. पॅराशूट जंप, म्हणजे पॅराशूटने खाली उतरण्याच्या खेळाचा मनोरा, १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधला होता. १९४१ मध्ये तो इथे आणला गेला. आता त्यावरून कुणी उतरत नाही, रात्री तो दिव्यांनी उजळतो.

तयारी

मोठा टीव्ही किंवा लॅपटॉप पुरेसा आहे. व्हीआर चष्मा (डोळ्यांभोवती आभासी दृश्य उभे करणारा) असेल तर बोर्डवॉकसाठी वापरा, सायक्लोनसाठी नको. डोळ्यांना वेग जाणवतो आणि कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय ‘आपण बसलेलो आहोत’ असे सांगत राहते. या विसंगतीमुळे मळमळते. टीव्हीवर खोलीच्या भिंती दिसत राहतात, त्यामुळे त्रास कमी होतो. तरी गरगरले तर डोळे मिटण्यापेक्षा पडद्यावरून नजर काढून खोलीतल्या स्थिर वस्तूकडे बघा. लहान मुलांना चष्मा देऊ नका.

किनाऱ्यावरचे थेट कॅमेरे सुरू असतील तर फेरीत तेही दाखवतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेनऊ तास मागे असते, आणि जूनमध्ये तिथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. म्हणजे पाळण्याचे दिवे थेट बघायचे तर भारतात सकाळी साडेसहा-सातची वेळ घ्या. हिवाळ्यात पाळणे बंद असतात, फक्त समुद्र आणि मोकळा बोर्डवॉक दिसतो. अनेकांना तो अधिक आवडतो.

फेरीत वापरलेले जुने फोटो आणि चित्रफिती सार्वजनिक संग्रहांतल्या आहेत आणि तुम्हाला स्वतःही विनामूल्य पाहता येतील. तुम्ही आम्हाला शुल्क देता ते निवड, जुळणी आणि मराठीतल्या निवेदनासाठी. फेरी संपल्यावर सर्व दुवे पाठवतो.

नोंदणी करताना किती जण बघणार, लहान मुले आहेत का आणि कुणाला चक्कर येण्याचा त्रास आहे का, एवढे कळवा. त्याप्रमाणे व्हिडिओंचा क्रम बदलून देतो.