यकृतवाचक शब्द, युरोपीय भाषांतील

यकृत या अवयवाला युरोपातील भाषांत रूढ असलेली नावे. हृदय, दात, पाय यांची जुनी इंडो-युरोपीय (संस्कृत, ग्रीक, लॅटिन आदींच्या भाषाकुळातील) नावे बहुतेक शाखांत टिकली. यकृताचे नाव मात्र जवळजवळ सर्वत्र बदलले आणि अनेक ठिकाणी नवे नाव थेट स्वयंपाकघरातून आले.

जुना शब्द संस्कृत यकृत्, लॅटिन येकुर व ग्रीक हेपार या रूपांवरून ओळखता येतो. आरंभीच्या ‘य’चा ग्रीकमध्ये ‘ह’ झाला. मधल्या ओष्ठ्य छटेच्या ‘क’चा संस्कृतात क, तर ग्रीकमध्ये प. एकमूलत्वाचा भक्कम पुरावा विभक्तिरूपांत आहे : प्रथमेत र, इतरत्र न. संस्कृत यकृत्, षष्ठी यक्नः. लॅटिन येकुर, षष्ठी योकिनोरिस. शब्द उसना घेता येतो, पण अशी अनियमित रूपावली सहसा उसनी येत नाही. रोजच्या वापरात हा शब्द टिकला तो लॅटव्हियनमध्ये (आक्नास).

लॅटिन ‘फिकातुम’चा मूळ अर्थ ‘अंजिराचे’, म्हणजे अंजिरे चारून पोसलेल्या जनावराचे यकृत. ग्रीक ‘सिकोतोन’चे (सिकोन = अंजीर) हे भाषांतर मानतात. डुकरिणीला सुकी अंजिरे चारून, शेवटी मधमिश्रित मद्य पाजून मारण्याची रीत रोमन लेखक प्लिनी हा खवय्या अपिकियसच्या नावावर नोंदवतो; हंसिणीच्या अशा यकृताचा उल्लेख रोमन कवी होरेसमध्ये आहे. पुढे विशेषण हेच नाम झाले आणि माणसाच्या यकृतालाही तेच लागले : इटालियन फेगातो, स्पॅनिश ईगादो, पोर्तुगीज फिगादु, फ्रेंच फ्वा, रुमानियन फिकात. अवयवाचा आकार अंजिरासारखा म्हणून हे नाव, ही समजूत निराधार आहे.

वाद आहे तो आघाताचा, म्हणजे उच्चारात जोर कोणत्या अक्षरावर पडतो याचा. लॅटिन नियमाने ‘फिकातुम’मधील ‘का’ दीर्घ, म्हणून आघात त्यावर हवा. रुमानियन फिकात आणि व्हेनिसच्या बोलीतील ‘फिगा’ (आघात अंत्य) तो पाळतात. इटालियन, स्पॅनिश व पोर्तुगीज रूपांत तो पहिल्या अक्षरावर सरकला आहे. शिवाय ‘फिकुस’मधील (अंजीर) ‘ई’ दीर्घ असताना इटालियनमध्ये ‘ए’ का, हाही प्रश्न उरतो. ग्रीक शब्दाच्या लोकोच्चाराशी सरमिसळ होऊन दोन्ही बदल घडले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि ग्रीकमध्येही आघात शेवटच्या अक्षरावर असल्याने अडचण पूर्ण सुटत नाही. फ्रेंच फ्वा व कॅटलान फेद्जे यांसाठी तर व्यंजनांची अदलाबदल (त–क) गृहीत धरावी लागते. फ्रेंच भाषाविद गॅस्टन पॅरिस यांनी या एका शब्दावर स्वतंत्र निबंध लिहिला, तो यामुळेच. ग्रीसमध्येही आज बोलण्यात ‘सिकोती’च आहे, ‘हेपार’चा वारसा वैद्यकाकडे गेला (हेपटायटिस).

रशियन पेचेन् हे ‘भाजणे’ या अर्थाच्या धातूपासून आले. संस्कृत पच् त्याचाच भाऊबंद. लिथुएनियन केपेनिसही ‘केप्ती’ (भाजणे) पासून. पोलिश व्होंत्रोबा व चेक यात्रा यांचा मूळ अर्थ ‘आतले’; संस्कृत अन्त्र, मराठी आतडे यांच्याशी त्यांचे नाते जोडतात. सर्बियनमध्ये खाटकाकडची ‘जिगेरित्सा’ तुर्कीमार्गे फार्सी ‘जिगर’वरून आली, आणि जिगर हे यकृत्‌चेच सगोत्र. म्हणजे युरोपातून गेलेला शब्द बाल्कनमध्ये मागच्या दाराने परतला.

इंग्रजी लिव्हर, जर्मन लेबर यांचे मूळ अनिश्चित आहे. ‘जगणे’शी (इंग्रजी लिव्ह, जर्मन लेबेन) संबंध बहुधा लोकव्युत्पत्ती, म्हणजे केवळ उच्चारसाम्यावरून लोकांनी जोडलेला; ‘चरबी’वाचक धातूचा पक्षही मांडला जातो. फिनिश माक्सा व हंगेरियन माय ही वेगळ्या, युरालिक कुळातील आहेत.

अर्थविस्तारात धैर्य प्रमुख : इटालियनमध्ये ‘फेगातो असणे’ म्हणजे हिंमत असणे, मराठीत जिगर असणे तसे. मराठी काळीज (संस्कृत कालेय = यकृत) बोलण्यात हृदयाकडे सरकले; मटणाच्या दुकानात मात्र ‘कलेजी’ मागितली की यकृतच मिळते.