स्कॉलरशिपवाली मुलं आणि आईवडिलांचं टॅक्स रिटर्न

एप्रिलची पंधरा तारीख जवळ आली की अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न निघतोच. मुलगी कॉलेजात आहे, निम्म्याहून जास्त खर्च स्कॉलरशिपवर निघतो. मग तिला रिटर्नमध्ये ‘डिपेंडंट’, म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेली व्यक्ती, दाखवायचं का? बहुतेकदा दाखवता येतं. त्याचं मूळ १९५४ सालात आहे.

तिथला आयकर १९१३चा. तेव्हा मुलांसाठी वेगळी सूट, म्हणजे कर लावण्याआधी उत्पन्नातून वजा होणारी रक्कम, नव्हतीच. ती आली १९१७ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत: मुलामागे २०० डॉलर, तेही अठराच्या आतलं असेल तर. १९४४ मध्ये वयाची अट गेली आणि सूट ५०० डॉलर झाली. मेख अशी, की मुलाची स्वतःची कमाई ५०० डॉलरला पोचली की वडिलांची सूट अख्खी बुडायची. सुट्टीत राबणारा पोरगाच घराला महाग पडायचा!

१९५४च्या करसंहितेने दोन गाठी सोडवल्या. पूर्णवेळ विद्यार्थ्याला कमाईची ती मर्यादा उरली नाही; आणि सूट मुलाचा निम्म्याहून अधिक खर्च उचलणाऱ्यालाच मिळे, तो खर्च मोजताना स्कॉलरशिप धरायची नाही, असं ठरलं. समजा, वर्षाचा खर्च १,००० डॉलर. त्यात स्कॉलरशिप ६००, घरचे ३००, मुलाचे १००. स्कॉलरशिप धरली तर घरचा वाटा निम्म्याखाली. ती वगळली की उरलेल्या ४०० पैकी ३०० घरचे, म्हणजे मूल आईवडिलांचंच. हुशारीचा दंड भरावा लागू नये, एवढा साधा न्याय.

गंमत म्हणजे त्या काळात मूलही आपल्या रिटर्नमध्ये स्वतःची सूट घेई आणि वडीलही त्याच्यासाठी घेत. ही दुहेरी चैन १९८६च्या सुधारणेने संपवली. राहण्याजेवणावर खर्च होणारी स्कॉलरशिपही तेव्हापासून मुलाच्या करपात्र उत्पन्नात आली. पुढे कमाईच्या सवलतीला चोवीस वर्षांच्या आतलं वय हवं, अशी अट लागली.

खरी कलाटणी २००४च्या कायद्याची, लागू २००५ पासून. आईवडिलांनी किती दिले, हा प्रश्नच गेला. मुलाने स्वतःच्या खर्चाचा निम्म्याहून जास्त भार स्वतः उचलला का, एवढंच बघायचं. स्कॉलरशिप त्यात आजही धरत नाहीत, पण मुलाने स्वतःच्या नावावर काढलेलं कर्ज मात्र त्याचा वाटा मानलं जातं. हे अनेकांच्या लक्षात येत नाही. हॉस्टेलवर राहणं ही तात्पुरती गैरहजेरी. पत्ता घरचाच समजतात.

२०१८ पासून ती जुनी सूटच शून्यावर आली. तरी ओढाताण आहे, कारण शिक्षणाचं २,५०० डॉलरपर्यंतचं क्रेडिट, म्हणजे थेट करातून वजा होणारी रक्कम, मुलाला डिपेंडंट दाखवणाऱ्याच्या पदरात पडतं. मुलाने घाईघाईत आधी रिटर्न भरलं आणि ‘मला दुसरं कोणी डिपेंडंट दाखवू शकतं’ या चौकोनात खूण करायची राहिली, की वडिलांचं रिटर्न सहसा अडकतं.