जंगल उभं करायचंय? आधी तूर पेरा

पावसाळा आला की तीच बातमी, अमुक लाख रोपं लावली. पुढच्या मे महिन्यात त्यातली किती जगली हे मात्र कुठे छापून येत नाही. रोपं लावणं महागात पडतं, नर्सरी, पिशव्या, टेम्पो, खड्डे, मजुरी, वर टँकर, आणि पिशवीत गोल गुंडाळलेलं मूळ पुढे नीट खाली जात नाही ते वेगळंच. ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यात शिंगू नदीच्या उगमाकडे यावर काढलेला उपाय मला जाम आवडतो. तिथे जंगल चक्क पेरतात!

पद्धतीचं नाव मुवुका. आदिवासी आणि छोटे शेतकरी, त्यात बायकाच जास्त, जंगलातून बिया गोळा करतात, त्यांचं नेटवर्क २००७ पासून चालू आहे आणि बियांचे पैसे थेट त्यांच्या हातात जातात. मग काजू, शेंदरी, जातोबा अशा कितीतरी झाडांच्या बिया वाळूत कालवायच्या आणि सोयाबीन पेरायच्या यंत्राने किंवा हाताने फेकून पेरायच्या. रोपांपेक्षा खर्च खूप कमी येतो.

पण खरी गंमत त्या मिश्रणातल्या तुरीची आहे. हो, आपलीच वरणातली तूर, सोबत तागाच्या जातीतली झुडपं. तिथली जमीन म्हणजे जुनी कुरणं, आफ्रिकेतून आणलेल्या ब्रॅकिएरिया गवताने भरलेली, आणि झाडांच्या कोंबांचा खरा शत्रू हे गवतच. म्हणून आधी जमीन पुन्हा पुन्हा नांगरून ते मोडतात, तरी ते परत येतंच. आता हे गवत ऊस-मक्यासारखं सी-४ प्रकारचं, म्हणजे पानातला कार्बन डायऑक्साइड आधी एका पेशीत पकडून मग आतल्या पेशीत पंप करतं, त्या पंपाला जास्तीचं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं, आणि कडक उन्हात ते परवडतं पण सावलीत नाही. ताग काही दिवसांत उगवून सावली धरतो, तो वर्षभरात संपला की तूर अजून दोनेक वर्षं रेटते, मुळांवरच्या गाठी जमिनीला नायट्रोजन देतात, तोवर लवकर वाढणारी झाडं वर येतात आणि त्यांच्या सावलीत जातोबासारखी सावकाश वाढणारी. ज्याचं त्याचं वेळापत्रक ठरलेलं, आणि प्रत्येक बीचं सोटमूळ पहिल्या दिवसापासून सरळ खाली.

म्हणून गाडीतून जाता जाता सीडबॉल, म्हणजे बिया घातलेले मातीचे गोळे, भिरकावायचं फॅड, ड्रोनने लाखो बिया टाकल्याचे व्हिडिओ, यांच्या नादी लागू नका. गवत मोडलं नाही, बी मातीआड केलं नाही, तर बऱ्याच बिया मुंग्या आणि उंदीरच नेतात.

आणि सगळीकडे झाडंच हवीत असंही नाही. ब्राझीलचाच सेराडो हा सव्हाना, म्हणजे विरळ झाडांचा गवताळ प्रदेश, तिथे शापादा दोस व्हेआदेइरोस नॅशनल पार्कमध्ये स्थानिक गवतं, झुडपं आणि झाडं यांच्या बिया एकत्र पेरतात, कारण तिथे नुसती झाडं लावली तर ऊन आवडणारी गवतं मरतात आणि सव्हानाच संपतो. आपल्याकडे पुणे-सोलापूरकडच्या माळरानांना पडीक समजून तिथे गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया, हे बाहेरून आणलेलं झाड) रोपं लावायला खड्डे खणतात तेव्हा माझा जीव तुटतो. लांडगा, माळढोक, धाविक यांचं घर आहे ते. तिथे पैसे घालायचेच असतील तर मारवेल, पवना, कुसळी या गवतांचं बी जमवणाऱ्या गावातल्या बायकांना द्या, आणि खराब झालेल्या पट्ट्यात तेच पेरा.